ब्रिटिश अधिकारी मेकॉलेचं 'भारतात मला एकही भिकारी दिसला नाही' हे भाषण खरं आहे का?

खोटं आहे. गणपतीत चाकरमानी आले की आमच्या मालवणातल्या वाडीच्या ग्रुपवर हाच फॉरवर्ड येतो: २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंट. अहो, मेकॉले १८३४ सालीच भारतात उतरला होता. तेव्हा लंडन म्हणजे जहाजाने महिनोनमहिने! तारीख मात्र अस्सल. त्याच दिवसाचं त्याचं शिक्षणावरचं टिपण आहे, आणि त्यात कौतुक कसलं? चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं, असं लिहितो तो. खाली चिकटवलेला 'इंग्रजांपूर्वी नव्वद टक्के साक्षरता' हा आकडा? पहिली देशव्यापी जनगणनाच १८७२ची. मी ग्रुपवर विचारलं, 'कोणी मोजल्यान?' काका म्हणाले, 'तू लय शिकलंस!'