रुग्णालयात भेटलेल्या माणसाला वकीलपत्रावर सही देऊ का? अपघाताच्या दाव्यासाठी वकील कसा शोधावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की पतीच्या मोटरसायकलला मागून टेम्पोने धडक दिली, मांडीच्या हाडात रॉड घातलाय, आणि वॉर्डात भेटलेला एक माणूस ‘वकील मी लावून देतो, आत्ता काही द्यायचं नाही, मिळेल त्यातले ३० टक्के आमचे’ असं म्हणत सह्या मागतोय. सही देऊ नका. त्याला नम्रपणे सांगा की घरात वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवू, आणि पतींनाही सांगून ठेवा, कारण दावा त्यांचा आहे आणि सही त्यांचीच लागते. औषधांच्या गुंगीत असलेल्या माणसाकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या धाकट्या भावाचा असाच दावा अर्ज लिहिण्यापासून निकालापर्यंत मी त्याच्यासोबत राहून पाहिला. तो वायरमन आहे. त्यामुळे खाली लिहितेय त्यातलं कायद्याचं कायद्यातलं आहे आणि बाकीचं कोर्टाच्या बाकावर बसून कळलेलं.

आधी त्या माणसाबद्दल. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला दलालामार्फत पक्षकार मिळवता येत नाहीत, आणि निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं यालाही मनाई आहे. तरी टक्केवारी सर्रास मागितली जाते, आणि मागणारा प्रत्येक वकील कामात वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. पण जो वकील स्वतः न येता माणूस पाठवतो, त्याने तुमचे कागद पाहिलेले नाहीत. पतींना काय लागलंय, ते काय काम करतात, हे त्याला ठाऊक नाही. नुसत्या प्लास्टरकडे बघून ज्याने केस घेतली, त्याला ती लवकर मिटवण्यात रस असतो. यात नुकसान तुमचं होतं.

मग शोधायचा कुठे? जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. ज्या दिवशी तिथे सुनावण्या असतील त्या दिवशी घरातल्या कुणीतरी जाऊन दोन-तीन तास मागच्या बाकावर बसावं. मनाई कुणी करत नाही. कोणते वकील साक्षीदार घेऊन उभे राहतात आणि कोण नुसती पुढची तारीख मागतात, हे कायद्यातलं काही न कळणाऱ्यालाही दिसतं. नावं लिहून घ्या. मग ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात, तिथे पाहा की या माणसाकडे अपघाताचे दावे खरोखर आहेत का, त्यातले किती निकाली निघालेत, आणि निकालाची प्रत असेल तर ती वाचा. मोठं नाव असलेला फौजदारी वकील किंवा जमिनीच्या दाव्यांचा नावाजलेला वकील इथे तितका उपयोगी पडेलच असं नाही. या दाव्यांचं काम वेगळं आहे. विमा कंपनीकडून रोज याच कोर्टात उभा राहणारा वकील समोर असतो आणि त्याला सगळ्या वाटा पाठ असतात.

खरी पारख पहिल्या भेटीत होते. ‘इतके लाख काढून देतो’ असं जो पहिल्या दहा मिनिटांत सांगतो त्याच्याकडून उठून या. भावाच्या वकीलबाईंनी आकड्याचं नावच घेतलं नव्हतं. त्यांनी आधी डिस्चार्ज कार्ड वाचलं, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, घटनास्थळाचा पंचनामा दोनदा वाचला. मग भावाला म्हणाल्या, ‘उकिडवं बसून दाखवा.’ तो बसू शकला नाही. ‘शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून दोन्ही हात वर करून काम करता येईल?’ तो गप्प झाला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ‘अपघाताच्या आधी तुम्ही ज्यांची कामं केलीत त्यातले दोघे-तिघे साक्षीला येतील का?’ मी तिथेच ठरवलं की वकीलपत्र यांनाच द्यायचं.

हे प्रश्न का महत्त्वाचे, ते नीट सांगते, कारण तुमच्या दाव्यातला मोठा पैसा इथेच आहे. भरपाईत झालेला औषधोपचाराचा खर्च, पुढे लागणारा खर्च, घरी बसलेल्या काळातली बुडालेली कमाई, वेदना आणि त्रास, हे सगळं धरतात. पण कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढच्या आयुष्यातली बुडणारी कमाई हा सगळ्यात मोठा भाग असतो. ती काढताना वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा निवाड्यात घालून दिले आहेत. ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, असे ते पुढे उतरत जातात. समजा पतींचं वय ३४ आणि महिन्याची कमाई १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,०००, गुणिले १६ म्हणजे २८,८०,०००. आता डॉक्टरांनी लिहिलं की संपूर्ण शरीराचं अपंगत्व १५ टक्के, आणि तेवढंच धरलं, तर हाती येतात ४,३२,०००. पण त्यांचं काम असं असेल की त्या पायामुळे कमावण्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली, आणि हे पुराव्याने दाखवता आलं, तर तीच रक्कम ११,५२,००० होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की वैद्यकीय टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. त्या माणसाचा व्यवसाय पाहून घट ठरवायची. याखेरीज भविष्यातल्या उत्पन्नवाढीचाही टक्का मागता येतो. हे तुमच्या वकिलाने स्वतःहून सांगितलं पाहिजे.

आणि हे सिद्ध करायला डॉक्टर साक्षीला यावे लागतात. भावाच्या वेळी कंपनीच्या वकिलाने डॉक्टरांना उलटतपासणीत एवढंच विचारलं: ‘प्रमाणपत्रातले टक्के फक्त पायाचे आहेत, पूर्ण शरीराचे नाहीत, बरोबर?’ डॉक्टर ‘बरोबर’ म्हणाले. ते खरंच होतं. पण आमच्या वकीलबाईंनी त्याआधी स्वतः डॉक्टरांची साक्ष घेताना वायरमनच्या कामाबद्दल एकेक करून विचारून ठेवलं होतं, शिडी, उकिडवं बसणं, जड ड्रिल उचलून चालणं, आणि प्रत्येकाचं उत्तर नोंदीत आलं होतं. निकालात न्यायाधीशांनी तीच उत्तरं उद्धृत केली. म्हणून पहिल्या भेटीत वकिलाला हे जरूर विचारा: ‘डॉक्टरांना साक्षीला तुम्ही बोलावणार का? खर्च कोण करणार?’ ‘नुसतं प्रमाणपत्र लावू, चालतं’ असं उत्तर आलं तर दुसरा वकील पाहा.

तुम्ही विचारलंय की हेल्मेट नव्हतं, त्यामुळे दावाच बुडेल का. नाही बुडत. हेल्मेट न घालणं हा कायदाभंग आहे, दंड होऊ शकतो, पण मार मांडीला आहे आणि धडक मागून बसलेली आहे. नियम मोडल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असा संबंध दाखवावा लागतो. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटरसायकलवर तिघे बसलेल्या प्रकरणात हेच तत्त्व लावलं होतं. त्यामुळे जो वकील हेल्मेटचं ऐकूनच ‘केस कमजोर आहे’ म्हणत तुम्हाला घाबरवतो आणि त्याच दमात फी वाढवतो, त्याच्याशी पुढे बोलू नका. पोलिसांना मात्र खोटं सांगू नका, ‘हेल्मेट होतं’ असा जबाब देऊ नका. एक खोटी ओळ उलटतपासणीत बाकीचं सगळं खरं संशयित करते.

मुदतीचं लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा आहे. ही मुदत १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही त्या भरवशावर थांबू नका. याचा अर्थ आजच्या आज कुणालाही सही द्या असाही होत नाही. वकील शोधायला महिनाभर घेतलात तरी चालेल. अर्ज अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा समोरचा पक्ष राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो, म्हणजे अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्हाला तिकडे खेटे घालावे लागणार नाहीत. पोलिसही आपला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवतात. पोलिसांच्या तपास अधिकाऱ्याकडे जाऊन तो गेला का, आणि टेम्पोचा विमा कोणत्या कंपनीचा आहे, हे विचारून ठेवा.

फीबद्दल. ठरावीक रक्कम ठरवा, हप्ते पाडून मागा, आणि साक्षीदार, झेरॉक्स, प्रमाणपत्रं यांचा खर्च त्यात आहे की वेगळा, ते एका कागदावर लिहून घ्या. कोरा चेक, पासबुक, एटीएम कार्ड कुणाला देऊ नका. असं मागणारे आहेत. भरपाईची रक्कम थेट पतींच्या खात्यात जमा व्हावी अशी विनंती वकिलाला अर्जातच करायला सांगा. मूळ कागद घरी, वकिलाकडे झेरॉक्स. मूळ लागतील तेव्हा कोर्टात नेऊन दाखवायचे. पुढे वकिलाशी पटलं नाही तर बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगितलंय.

पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ते बहुतेक न्यायालयाच्या आवारातच असतं. १५१०० या क्रमांकावरही फोन करता येतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा असते. मोफत मिळालेला वकीलही वरच्याच कसोट्यांवर पाहा, आणि तो तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी सांगून दुसरा मागा.

शेवटचं तडजोडीचं. विमा कंपनीकडून लवकरच कुणीतरी येईल किंवा लोकअदालतीत मिटवा म्हणून सांगतील. मिटवायला हरकत नाही, कित्येकांचं भलं त्यातच होतं, वर्षं वाचतात. पण लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नाही, आणि उपचार अर्धवट असताना घेतलेली रक्कम पुढच्या शस्त्रक्रियेला पुरत नाही. पतींचा रॉड काढायचा असेल तर त्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या, तो वकिलाला द्या, आणि मगच आकड्यावर बोलायला बसा.