मटण सोडलं, तरी टोचणी जाईना

"मॅडम, मुलगी घरात धड जेवत नाही. विचारलं की म्हणते, पृथ्वी तापतेय." सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकच्या कुठल्याही भागातून माझ्याकडे समुपदेशनाला आलेले आईवडील हल्ली थोड्याफार फरकानं हेच सांगतात. मुलं माझ्यासमोर एकटी बसली की विचारतात, "मी एकटीनं मटण सोडून काय फरक पडणार? आणि नाही सोडलं तर मीही दोषीच ना?"

म्हणून एका मुलीविषयी लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी मोजक्या संवादांत आणल्या आहेत. तिला प्राजक्ता म्हणू. वय 21, पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. घर मूळचं खानदेशातलं, वडील अंबडच्या कारखान्यात. चौघांच्या घरात दर रविवारी काळ्या मसाल्यातलं एक किलो मटण ठरलेलं.

प्राजक्तानं आधी मटण सोडलं आणि पनीर धरलं. मग पनीरमागे म्हैस आहे आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू निघतो, म्हणून दूधही सोडलं. मग भाताच्या खाचरातून मिथेन निघतो हे वाचनात आलं, तसा घरी येणारा इगतपुरीचा इंद्रायणी तांदूळ तिच्यासाठी बंद झाला. फ्रिजवर तिनं आकड्यांचा तक्ता चिकटवला. पप्पांनी तो फाडला आणि दोघांचं बोलणं थांबलं. तोवर तिचं वजन पाच किलोनं उतरलं होतं, पाळी लांबत होती.

असं काही दिसलं की आधी डॉक्टर. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि थायरॉइड एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. पर्यावरणाच्या नावानं सुरू झालेली उपासमार कधी कधी खाण्याच्या आजारावरचं पांघरूण असते. मूल जेवण लपवत असेल, सारखं वजन करत असेल, जाड होण्याची भीती बोलून दाखवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नये. प्राजक्ताचं तसं नव्हतं. लोह आणि बी-12 कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं, आणि आमचं बोलणं खऱ्या अर्थानं सुरू झालं.

"भात खाल्लास तर काय होतं?"

"दिवसभर वाटत राहतं की मी काहीतरी घाण केली."

"किती खाल्ल्यावर?"

"कितीही. एक घास असला तरी."

या उत्तरापाशी मी थांबले. हवामानाचा सगळा प्रश्न "किती" या एका मापावर उभा आहे. किती किलो, किती टन, किती अंश. तिथं एक घास आणि एक किलो सारखे असूच शकत नाहीत. ते सारखे असतात फक्त विटाळाच्या हिशेबात, कारण सोवळं मोडायला बोट लागलं तरी पुरतं. या मुलीनं विज्ञानाचा विषय घेतला होता आणि त्याला सोवळ्याओवळ्याचे नियम लावले होते. म्हणूनच एकेक पदार्थ सोडूनही तिला हायसं वाटत नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझं काम उभं आहे, आणि अशा वेळी ते विचार किती नेमके कामी येतात याचं मला समाधान वाटतं. आपल्या ताटामुळे कमीत कमी वायू हवेत जावेत ही इच्छा निरोगी आहे, ती कमी करायची गरज नाही. ताटाला डागच लागता कामा नये हा त्याच इच्छेचा झालेला हुकूम. इच्छा असली की माणूस हिशेबाला बसतो. हुकमापुढे त्याला फक्त नापास होता येतं.

तेव्हा आम्ही हिशेबाला बसलो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंमधला पशुपालनाचा वाटा 2013 मध्ये 14.5 टक्के धरला होता. 2023 च्या अहवालात तो सुमारे 12 टक्के आहे. म्हणजे प्राजक्ताची काळजी खोटी नव्हती, आणि तसं तिला स्पष्ट सांगणं गरजेचं होतं. "एवढं काय मनावर घेतेस" म्हटल्यानं अशी मुलं आणखी एकटी पडतात.

पदार्थापदार्थांतला फरक मात्र तिनं पुसून टाकला होता. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी 2018 मध्ये 119 देशांतल्या शेतांची माहिती एकत्र करून काढलेली सरासरी अशी: 100 ग्रॅम प्रथिनांमागे मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस 50 किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू सोडतं, मेंढीचं मटण 20, चीज 11, कोंबडी 5.7, अंडी 4.2, डाळी-कडधान्यं 1 पेक्षा कमी. तिच्या तक्त्यात गोमांसाचा आकडा मटणापुढे लिहिलेला होता! परदेशी लेखांतून उचललेल्या आकड्यांत ही चूक नेहमी सापडते. आपल्या बोकडाला मेंढीचा आकडा जवळचा. रानात चरणाऱ्या शेळीचा खरा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण काय जास्त नि काय कमी हे कळायला तो पुरतो.

किलोभर मटणात साधारण 200 ग्रॅम प्रथिनं, हाडं धरली तर जरा कमी. म्हणजे त्यांच्या एका रविवारचे 40 किलो वायू. घरगुती गॅसचा 14.2 किलोचा एक सिलेंडर पूर्ण जाळला की साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोभर कोंबडीचे मात्र 11 किलो. आणि पनीर? किलोभर पनीरला म्हशीचं पाच-सहा लिटर दूध लागतं, लिटरमागे जागतिक सरासरीनं 3 किलो धरले तर 15 च्या पुढे. म्हणजे मटण सोडून पनीर धरल्यावर फायदा झाला, पण तिला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी. कोंबडी पनीरपेक्षा हलकी ठरली. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या 2006 च्या प्रमाण आकड्यांत शेळीमागे वर्षाला 5 किलो मिथेन धरला होता, म्हशीमागे 55. शाकाहारी ताट आपोआप स्वच्छ, या समजाला इथे तडा जातो. तो जायला हवा, कारण घरातलं भांडण त्याच समजावर पेटलेलं असतं.

ते भांडण कशाचं होतं हे वडील आले तेव्हा कळलं. ते खुर्चीत बसताच म्हणाले, "मटणाचं काही नाही मॅडम. तिला नसेल खायचं तर नको खाऊ दे."

"मग तक्ता का फाडलात?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "नाशकात आलो तेव्हा खोली बघत फिरत होतो. भाडं ठरायचं, सगळं ठरायचं. शेवटी विचारायचे, नॉनव्हेज खाता का. हो म्हटलं की खोली आधीच दिलेली असायची. आता माझ्याच घरात, माझ्याच फ्रिजवर तेच लिहिलेलं."

प्राजक्ता रडायला लागली. "पप्पा, मी तसं नव्हते म्हणत."

"मला तसंच ऐकू आलं, बाळा."

दोघांत नंतर जे काही बदललं ते या चार वाक्यांमुळे. महाराष्ट्रात मांस खाणाऱ्याला कमी लेखण्याचा इतिहास जातीशी जोडलेला आहे, आणि तो ज्यांनी सोसला त्यांना हवामानाचा तक्तासुद्धा त्याच आवाजात ऐकू येतो. मुलांनी हे समजून घेतल्याशिवाय घरात एक शब्द बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. तापमानवाढीचं खापर आपल्या घरातल्या माणसावर फोडणं अन्यायाचंही आहे: जगात माणशी वर्षाला सरासरी 40 किलोंहून जास्त मांस खाल्लं जातं, अमेरिकेत 100 च्या वर, भारतात 10 किलोंच्याही आत.

पुढची बोलणी आईनं पार पाडली, कारण स्वयंपाकघर तिचं. महिन्यातल्या चार रविवारांपैकी दोन मटणाचे, पण किलोऐवजी अर्धा किलो, उरलेले दोन किलोकिलो कोंबडीचे. काळ्या मसाल्याचा रस्सा पूर्वीइतकाच, त्यात पाव किलो बेसनाच्या पाटवड्या. पाटवड्या रस्सा उकळल्यावर, वाढायच्या आधी सोडायच्या. आधीपासून शिजवल्या तर विरघळून रस्सा पिठाळ होतो आणि घरचे पहिल्याच रविवारी नाराज होतात. महिन्याचा हिशेब 160 किलोंवरून 65 च्या आत आला. श्रावण, चतुर्थी, एकादशी घरात आधीपासून पाळली जातच होती. नवं व्रत कुणावर लादावं लागलं नाही.

प्राजक्ताचं ताट वेगळं मांडलं. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 48 किलोला 40 ग्रॅम. दोन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी, 60 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे यात ती भागतात. मटकी भिजवून मोड आणायची, वर लिंबू पिळायचं, आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा घ्यायचा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुलींनी मांस सोडताना नुसतं वरण-भातावर राहणं इथेच अंगाशी येतं. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही. अंडी आणि दूधही नको असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून चालू ठेवावीच लागते.

भात तिनं पुन्हा सुरू केला. खाचरातलं पाणी सतत तुंबवून न ठेवता मधूनमधून सुकू दिलं तर मिथेन बराच कमी होतो. तो उपाय शेतकऱ्याच्या हातातला, तिच्या घासातला नव्हे. तिच्या हातात उरलेलं अन्न होतं. ती जेवत नसल्यामुळे रोज काही ना काही घंटागाडीत जात होतं, आणि ओला कचरा ढिगात दबून कुजला की त्यातूनही मिथेनच निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला 55 किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. आता रात्री पीठ मळण्याआधी कोण जेवणार हे विचारून घ्यायचं काम तिचं आहे.

एक नियम मी प्रत्येक घराला सांगते, त्यांनाही सांगितला. आकडे बोलायचे ते शनिवारी, सामानाची यादी करताना. ताट वाढल्यावर कुणी कुणाच्या वाटीकडे बघून आकडा काढायचा नाही. पाहुणे, लग्न आणि आखाडातला शेवटचा रविवार हिशेबाबाहेर. प्राजक्तानं विचारलं, "आखाडात पूर्ण किलो आणलं तर मी काय करू?" पप्पाच म्हणाले, "तू पाटवड्या कर. खायचं का नाही ते तेव्हा ठरव."