पगार सोडा, आधी लॅबचं विचारा

अमेरिकेत केमिकल इंजिनिअरिंगच्या सहायक प्राध्यापकपदाची ऑफर आहे, काम उत्प्रेरक पदार्थांवर आहे, पगारात भागेल का, असं तुम्ही विचारलंत. भागेल. फक्त तो बहुधा नऊ महिन्यांचाच असतो. उन्हाळ्याचा पगार ग्रँटमधून काढावा लागतो.

खरी काळजी लॅबची करा. बहुतेक ठिकाणी टेन्युअरची (कायम नेमणुकीची) फाइल सहाव्या वर्षी जाते आणि खोलीत वायरिंग झालेलं नसलं तरी वर्षं मोजली जातात. फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर खेचणारी कपाटं) किती, हायड्रोजन सिलिंडरसाठी हवा खेचणारं कपाट आणि गळतीचा सेन्सर आहे का, भट्टीसाठी थ्री-फेज कितीची, हे सही करण्याआधी लेखी घ्या. लॅबला उशीर झाला तर टेन्युअरची मुदत वाढेल, हेही त्याच पत्रात हवं. भारतातली भट्टी सोबत न्यायचा विचार नको. 415 व्होल्टचे हीटर तिथल्या 208 व्होल्टवर जोडले की जेमतेम पाव शक्ती मिळते, तापमान चढतच नाही. ग्लव्हबॉक्सच्या (हवेशी संपर्क न येता आत काम करायच्या हातमोजे लावलेल्या बंद पेटीच्या) आराखड्यात आर्गॉन-हायड्रोजन मिश्रणाची वेगळी लाइन दाखवा. ती राहिली तर आतला तांब्याचा उत्प्रेरक पुन्हा ताजा करता येत नाही, मग ऑक्सिजन 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली राहत नाही आणि नमुने वाया जातात.

लॅब उभारायला विद्यापीठ देतं त्या स्टार्टअपच्या रकमेत विद्यार्थ्याचा स्टायपेंडच नव्हे, ट्यूशन आणि विमाही धरा. ती रक्कम किती वर्षांत संपवायची, तेही विचारा. एनएसएफच्या (संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) नव्या प्राध्यापकांसाठीच्या करिअर ग्रँटला नागरिकत्व लागत नाही, पण संधी तीनच. पहिली घाईत घालवू नका.

एकटेपणाचं म्हणाल तर सुरुवातीला प्रस्ताव लिहिण्यात तो जाणवत नाही. पहिला विद्यार्थी पीएचडी घेऊन गेला की जाणवतो.

ग्रीन कार्डाबद्दल लिहिताना मात्र अजूनही राग येतो. प्राध्यापकांसाठी मूळ निवडप्रक्रियेच्याच आधारावर लेबर सर्टिफिकेशन (ग्रीन कार्डासाठी लागणारा कामगार खात्याचा दाखला) मिळू शकतं, पण अर्ज निवडीपासून 18 महिन्यांत जावा लागतो. रुजू होण्यापासून नव्हे. विद्यापीठाने मुदत चुकवली तर भरती पुन्हा करावी लागते. ईबी-2च्या (उच्चशिक्षितांना नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या) रांगेत तुमचा नंबर हा अर्ज दाखल झाल्या दिवशी लागतो आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग फार लांब आहे. तेवढ्यात मूल 21 वर्षांचं झालं की त्याचा एच-4 (कुटुंबीयांचा व्हिसा) संपतो, त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो. तुमचं मूल आज आठवीत असेल तर निवडपत्राची तारीख आजच लिहून ठेवा आणि सहाव्या महिन्यापासून दर महिन्याला विद्यापीठात हा अर्ज पाहणाऱ्या कार्यालयाला विचारत राहा.