पट्टीवरचा थर आणि शिळेवरची अक्षरे

सप्रेम आशीर्वाद.

ग्राफीन आणि सम्राट अशोकाचे चरित्र या दोन ओढींपैकी एक सोडलीच पाहिजे का, असे तू विचारले आहेस. इतक्यात काहीही सोडू नकोस. समोरची वस्तू नीट निरखून पाहणे हा दोन्हींचा पहिला धडा आहे.

ग्राफाइटचा स्वच्छ पृष्ठभाग मिळावा म्हणून प्रयोगशाळांत चिकटपट्टीने वरचे थर उचलत आणि पट्टी टाकून देत. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी अशा पट्टीवरचे कण पुन्हा पुन्हा सोलून सिलिकॉनच्या चकतीवर उतरवले आणि २००४ साली एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, म्हणजेच ग्राफीन, जगापुढे मांडला. हा थर जेमतेम २.३ टक्के प्रकाश शोषतो. तरी चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा लेप असला, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्याची फिकट छटा ओळखू येते. लेपाची जाडी चुकली असती, तर थर तिथेच असून दिसला नसता. मला हा तपशील त्यांच्या नोबेल पारितोषिकाहून मोलाचा वाटतो.

अशोकाचे स्तंभही असेच डोळ्यांसमोर होते. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात त्यांतले दोन दिल्लीत आणवले, पण त्यांवरची लिपी कोणालाच वाचता येईना. सांचीच्या लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने हेरले, हे लेख देणग्यांचे असावेत असा तर्क केला, आणि १८३७ मध्ये ‘दानं’ या शब्दापासून ती ब्राह्मी लिपी उलगडत गेली.

‘कलिंगाच्या युद्धानंतर सम्राटाचे मन पालटले’ हे वाक्य लिहिण्याआधी तू अशोकाने ठिकठिकाणी कोरवलेल्या लेखमालेतला तेरावा शिलालेख वाच. त्यात एक लाख माणसे मारली गेल्याची आणि दीड लाख पकडून नेल्याची नोंद आहे, पश्चात्तापही आहे. मात्र खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो लेख कोरलेलाच नाही, त्याऐवजी अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे आदेश आहेत. ही गैरहजेरीसुद्धा पुरावाच आहे, आणि चरित्रकाराने तिच्यापाशी बराच वेळ थांबले पाहिजे.

सुरुवात सोपाऱ्यापासून कर. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तिथे त्याच मालेतल्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याचा ठसा आणि गुजरातेतल्या गिरनारच्या शिळेवरचा त्याच लेखाचा पाठ शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव, आणि फुटलेल्या कडेपलीकडचे जे अक्षर अंदाजाने भरशील, ते चौकटी कंसातच लिही.