हॅज-ब्लेड ३ आला, मग गोळी बंद करायची का?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडतात) रक्त पातळ करणारी गोळी घेतात. मधुमेह आहे, बीपी १७० पर्यंत जातं. मोबाइलवर 'हॅज-ब्लेड' (रक्तस्रावाचा धोका मोजणारा गुणांक) काढला तर ३ आला, म्हणजे धोका जास्त. गोळी थांबवू का?

थांबवू नका. हे ३ गुण कुठून आले ते आधी बघू. पासष्टीच्या पुढचं वय, एक गुण. वरचं बीपी १६० च्या पुढे, दुसरा. तिसरा, तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक. वय काही कमी होणार नाही. पण बीपी आटोक्यात आणलं आणि ती वेदनाशामक गोळी सोडली, तर ३ चा १ होतो. हा गुणांक २०१० साली आला, आणि तो वापरायचा याचसाठी : रक्तस्रावाची जी कारणं दूर करता येतील ती शोधायला. त्यावरून गोळी बंद करणं म्हणजे ताप बघून थर्मामीटर फोडण्यासारखं. वय, बीपी आणि मधुमेह यांमुळे वडिलांना पक्षाघाताचाही धोका आहेच, आणि तो गोळी बंद केल्यावर वाढेल.

प्रश्न : आई ८१ वर्षांची, वजन ४८ किलो. अ‍ॅपिक्साबॅन (रक्त पातळ करणारी नवी गोळी) चालू आहे. दोनदा न्हाणीघरात पडली. त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन बरी नाही का?

'अ‍ॅस्पिरिन सौम्य' हा समज फार चिवट आहे. २०११ मध्ये या दोन औषधांची थेट तुलना झाली. मोठ्या रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, पक्षाघात मात्र अ‍ॅपिक्साबॅनवर निम्म्याहून कमी. आईंचं वय ऐंशीच्या पुढे आणि वजन साठच्या आत, म्हणजे त्यांना अडीच मिलिग्रॅमचा डोस दिवसातून दोनदा असायला हवा. पाकिटावर ५ दिसलं तर डॉक्टरांना लगेच विचारा. न्हाणीघरात दांडी बसवा, फरशी कोरडी ठेवा, उभं राहिल्यावर बीपी उतरतं का ते तपासून घ्या. डोक्याला मार बसला तर मात्र 'बरी दिसतेय' म्हणून घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : संधिवाती तापामुळे (र्‍हुमॅटिक फीवर) हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली आहे. एसिट्रॉम (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) घेते, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) कधी १.६, कधी ४.२. पालेभाजी बंद करू? की नवी गोळी मागू?

अशा अरुंद मायट्रल झडपेसाठी जुनीच गोळी योग्य. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत रिव्हरॉक्साबॅन ही नवी गोळी तिच्यापुढे मागे पडली. पालेभाजी खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच. श्रावणात उपास सुरू झाले, ताट बदललं, की आयएनआर हलतो. हे मी दरवर्षी बघतो. जुलाबांवर घेतलेली मेट्रोनिडॅझोलही तो झपकन वर नेते. आकडा असा खालीवर होत राहणं हाही हॅज-ब्लेडमधला एक गुण आहे.

प्रश्न : दाढ काढायची आहे. वॉरफेरिन (एसिट्रॉमसारखीच रक्त पातळ करणारी गोळी) बंद करू?

स्वतःहून नको. आयएनआर आटोक्यात असेल तर एखादी दाढ बहुधा गोळी चालू ठेवूनच काढतात. आदल्या दिवशी तपासणी करून रिपोर्ट दंतवैद्यांना दाखवा. नंतर दुखण्यावर काय लिहून दिलंय ते चिठ्ठीत वाचा. डायक्लोफिनॅक असेल तर पॅरासिटामॉल मागा.