हायड्रेंजियाची कलमे लोळतात, काळी पडतात: काय करावे?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

हायड्रेंजियाच्या छाट कलमांबद्दल आलेल्या प्रश्नांमध्ये तक्रार बहुधा एकच आहे. काड्या लावल्या, दोन-तीन दिवस टवटवीत दिसल्या, मग पाने लोळली आणि आठवड्याभरात काडी बुडापासून काळी पडली. बऱ्याच जणांनी याचा दोष मुळ्या फुटाव्यात म्हणून काडीला लावायच्या पावडरीवर टाकला आहे. कुणाची पावडर जुनी होती, कुणी लावलीच नव्हती.

पावडरीकडे नंतर वळू. हायड्रेंजिया हे मुळ्या धरायला सोपे झाड आहे. मोठ्या पानांचे, गेंदेदार फुलांचे नेहमीचे हायड्रेंजिया तर दोन ते चार आठवड्यांत मुळ्या धरते. अडचण त्या मधल्या आठवड्यांची आहे. या झाडाचे पान रुंद आणि पातळ असते, त्यातून पाणी भराभर उडून जाते, आणि खाली ते भरून काढणारी मुळी अजून आलेली नसते. तेवढे दिवस पान ताजे राहिले की काम झाले. फांदी कुठली घ्यायची, पाने किती ठेवायची, झाकण का घालायचे, या सगळ्याची उत्तरे यातूनच निघतात.

फांदी कोणत्या महिन्यात काढावी? महिन्यापेक्षा फांदीकडे पाहा. थंडी संपून झाड फुटले की नव्या फांद्या आधी पोपटी आणि लुसलुशीत असतात. त्या वाकवल्या तर नुसत्या वाकतात. अशी काडी लावली की कुजते. पुढे काही आठवड्यांनी तीच फांदी वाकवल्यावर काटकन मोडू लागते, पण अजून हिरवी असते. ही वेळ सर्वांत चांगली. त्यानंतर बुडाकडून तपकिरी होऊ लागलेली निमपक्व फांदीही चालते, मात्र मुळ्यांना वेळ जास्त लागतो. पानगळीनंतरच्या पक्व काड्यांपासूनही रोपे होतात, पण महिनोन्महिने थांबावे लागते आणि मर जास्त होते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

फूल किंवा कळी असलेली फांदी घेऊ नका. तिच्यातला अन्नसाठा फुलाकडे गेलेला असतो. झाडाच्या बाजूला, जरा सावलीत, फूल न आलेल्या जोमदार फांद्या सापडतात, त्या घ्या. एकाने विचारले आहे की पुष्पगुच्छात आलेल्या हायड्रेंजियाच्या दांड्या लावता येतील का. लावायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका. ती फुलाची दांडी असते, कापून बरेच दिवस झालेले असतात आणि डोळे बहुधा दुबळे असतात.

काडी सकाळी लवकर काढा, कारण तेव्हा झाड पाण्याने भरलेले असते. आदल्या संध्याकाळी मूळ झाडाला पाणी द्या. कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हात पडलेली काडी पुन्हा पाण्यात बुडवून ताजी दिसते, पण ती मागे पडलेलीच असते.

आता कापणी. काडी १० ते १५ सेंटीमीटर लांबीची, दोन-तीन पेरांची (पेर म्हणजे पाने फुटतात ती गाठ) असावी. खालचा काप पेराच्या अगदी खाली घ्या, कारण पेराजवळ मुळ्या लवकर सुटतात. खालच्या पेरांची पाने काढून टाका आणि वर फक्त एक जोडी ठेवा. ती मोठी असतील तर प्रत्येक पान आडवे अर्धे कापा. अर्धे पान कापले तर काडीला अन्न कमी पडणार नाही का, ही शंका अनेकांनी विचारली आहे. थोडे कमी पडते, हे खरे. पण पान पूर्ण ठेवून ते लोळले तर त्याचे अन्न बनवणेही थांबते. सगळी पाने काढून नुसती हिरवी काडी लावणे मात्र चूक आहे. पानात तयार होणारे अन्न आणि नैसर्गिक संजीवके मुळ्यांसाठी लागतातच.

कात्री धारदार हवी आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ७० टक्के अल्कोहोलने पुसायला हवी. हायड्रेंजियावर पानांत वलये उठवणारा एक विषाणू आहे आणि तो कात्रीला लागलेल्या रसातून पसरतो. त्यावर औषध नाही. ज्या झाडाच्या पानांवर वलये, चट्टे किंवा विचित्र आखडलेपणा दिसतो, त्याची काडी कितीही सुंदर फुलासाठी घेऊ नका. मूळ झाडाचा रोग कलमातही येतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी हातमोजे घालावेत, काहींना या झाडाच्या रसाने खाज येते. छाटलेली पाने गुराढोरांपुढे किंवा पाळीव प्राण्यांच्या तोंडी पडू देऊ नयेत, ती विषारी असतात.

माध्यमाबद्दल फार घोळ घातला जातो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (पांढरे, हलके, फुगवलेले खनिज) निम्मे-निम्मे घ्या. परलाईट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालेल. बागेतली माती नको, कारण ती दाबली जाते, पाणी धरते आणि बुरशी सोबत आणते. शेणखत, गांडूळ खत, रासायनिक खत यांपैकी काहीही या टप्प्यावर घालू नका. ज्याला मुळीच नाही त्याने खत घ्यायचे कुठून? खताने उलट कुजण्याला खाद्य मिळते. माध्यम आधी भिजवून मुठीत दाबून पाहा, एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ते जास्त ओले आहे.

पावडर लावायची तर आयबीए हे संजीवक ०.१ टक्का असलेली, कोवळ्या काडीसाठी विकली जाणारी पावडर घ्या. निमपक्व काडीला ०.३ टक्क्यांपर्यंत चालते. वापरण्याआधी थोडी पावडर वेगळी काढा, म्हणजे डबी ओली होणार नाही. काडीचे टोक टेकवा, जास्तीची झटका. जाड थर लावल्याने फायदा होत नाही, उलट टोक करपू शकते. काडीसाठी माध्यमात आधी पेन्सिलीने भोक पाडा, म्हणजे खुपसताना पावडर पुसली जाणार नाही. पावडर नसेल तरी गेंदेदार जातीच्या काड्या मुळ्या धरतात. पावडरीने मुळ्या जास्त आणि एकसारख्या येतात, एवढाच फरक. पान लोळले असेल तर पावडर काही करू शकत नाही.

झाकणाकडे मात्र दुर्लक्ष नको. कुंडीत दोन-तीन काटक्या रोवून वर पारदर्शक पिशवी घाला, पिशवी पानाला टेकता कामा नये. मोठ्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उपडी ठेवली तरी चालते, तिचे बूच उघडून हवा देता येते. आतल्या बाजूला बारीक दव दिसत असेल तर ओलावा योग्य आहे. धारा वाहत असतील तर थोडा वेळ झाकण काढा. कुंडी उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवा. झाकणाखाली अर्धा तास कडक ऊन आले तरी आत पाने शिजतात. माध्यमाचे तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असेल तर मुळ्या सर्वांत लवकर येतात.

पाने लोळताहेत म्हणून रोज पाणी घालणे हीच काळी पडलेल्या बहुतेक काड्यांची कहाणी आहे. हवेत ओलावा हवा, बुडाशी साचलेले पाणी नको. मुळी नसलेल्या काडीला कुंडीत ओतलेले पाणी फारसे वर खेचता येत नाही. ते फक्त खाली श्वास कोंडते आणि टोक सडते. पान लोळले तर झाकण तपासा, सावली वाढवा, पानांवर बारीक फवारा द्या. राखाडी बुरशी दिसली तर ती काडी आणि गळलेली पाने त्याच दिवशी उचलून फेका. शेजारच्या काड्यांवर औषध मारण्याआधी हवा खेळती करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागते.

काडी पाण्याच्या ग्लासात ठेवली तर? मुळ्या येतात. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला आणि पाने पाण्यात बुडू देऊ नका. पण पाण्यातल्या मुळ्या ठिसूळ असतात, मातीत हलवताना मोडतात आणि झाड पुन्हा लोळते. मुळ्या दोन-तीन सेंटीमीटरच्या झाल्या की लगेच कुंडीत लावा, लांब होण्याची वाट पाहू नका. पाहायला मजा येते म्हणून मुलांसाठी एखादी काडी ठेवावी, बाकीच्या माध्यमातच लावाव्यात, असे माझे मत आहे.

एका ताईंकडे मूळ झाड एकच आहे, फांद्या मोजक्या, आणि रोपे पुष्कळ हवी आहेत. त्यांनी एका पेराची कलमे करावीत. हायड्रेंजियाची पाने समोरासमोर येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. पेराच्या थोडे वर आणि दोन-तीन सेंटीमीटर खाली काप घेतला की दोन डोळ्यांचे एक कलम मिळते. फांदी जाड असेल तर ते उभे चिरून एक पान आणि एक डोळा असलेली दोन कलमे होतात. व्यावसायिक रोपवाटिकांतही ही पद्धत आहे. अशा कलमांना झाकणाची शिस्त अधिक कडक लागते आणि रोप उभे राहायला जास्त वेळ जातो.

पॅनिक्युलाटा आणि ॲनाबेल या जाती कोवळ्या काडीपासून छान होतात. ओकसारख्या पानांचे हायड्रेंजिया मात्र हट्टी आहे. ते काडीने जमत नसेल तर दाब कलम करा. जमिनीलगतची फांदी वाकवा, पेराखाली साल थोडी खरवडा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. मूळ झाड तिला पाणी पुरवत राहते, त्यामुळे पान सुकण्याची चिंताच उरत नाही. वेळ लागतो, पण हे जवळपास हमखास जमते. वयस्कर किंवा रोज लक्ष देऊ न शकणाऱ्या मंडळींना मी सगळ्याच जातींसाठी हेच सुचवतो.

मुळ्या आल्या हे कळणार कसे? नवे पान फुटले म्हणून खूश होऊ नका. काडीतल्या साठ्यावरही एखादी जोडी फुटते. तीन आठवड्यांनी काडी हलकेच ओढून पाहा. ती धरून राहिली तर मुळ्या आहेत. त्यानंतर झाकण एकदम काढायचे नाही. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडे अधिक, असे आठवडाभरात काढा. मुळ्या आलेली रोपे मरतात ती बहुधा याच आठवड्यात. मग १० सेंटीमीटरच्या कुंडीत, निचऱ्याच्या भुसभुशीत मिश्रणात लावा, दोन-तीन जोड्या पाने झाली की शेंडा खुडा म्हणजे रोप फुटवे धरेल. पहिल्या वर्षी कळी आली तर काढून टाका. पहिला कडक हिवाळा कुंडीतच, आडोशाला जाऊ द्या.

मूळ झाड निळे, माझ्याकडे गुलाबी फूल आले. काडी बदलली का? नाही. काडी म्हणजे मूळ झाडच आहे, तुमची जमीन वेगळी आहे. निळ्या आणि गुलाबी फुलातले रंगद्रव्य एकच असते. त्याला ॲल्युमिनियम मिळाले की रंग निळा होतो. जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ५.५ च्या खाली असेल तर ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळते, ६.५ च्या वर ते मातीतच अडकते आणि फूल गुलाबी येते. मधल्या सामूत जांभळट छटा दिसतात. स्फुरद (फॉस्फरस) जास्त दिले तरी ॲल्युमिनियम अडकते, म्हणून निळे फूल हवे असणाऱ्यांनी हाडांचा चुरा आणि सुपर फॉस्फेट हात राखून वापरावे. ॲल्युमिनियम सल्फेट ४ लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम, आधी भिजवलेल्या जमिनीत द्यावे, आणि तेही फक्त रुजलेल्या मोठ्या झाडाला. कोवळ्या रोपाच्या मुळ्या त्याने जळतात. पांढऱ्या जाती यातल्या कशानेही निळ्या होत नाहीत. पॅनिक्युलाटाचे पांढरे फूल जुने होताना गुलाबी होते, त्याचा सामूशी संबंध नाही. काही खर्च करण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. विहिरीचे पाणी चुन्याचे असेल तर सामू उतरवण्यासाठी मातीत घातलेले गंधक हळूहळू फुकट जाते.

"रोप दोन वर्षांचे झाले, पाने भरपूर, फूल नाही," असे दोघांनी लिहिले आहे. आधी छाटणी केव्हा केली ते आठवा. मोठ्या पानांच्या जाती पुढच्या हंगामाच्या कळ्या जुन्या फांदीवर, थंडी सुरू होताना धरतात. त्यासाठी तापमान काही आठवडे सुमारे १८ अंशांखाली राहावे लागते. फुलोरा संपल्यावर उशिरा छाटले की कळ्याच छाटल्या जातात. जिथे तेवढी थंडी पडतच नाही तिथे झाड हिरवेगार राहते आणि फुलत नाही, त्याला खत हा उपाय नव्हे. पॅनिक्युलाटा आणि ॲनाबेल नव्या फांदीवर फुलतात, त्यामुळे त्यांची छाटणी थंडीच्या अखेरीस करता येते.

रोपे विकण्याबद्दल विचारणाऱ्यांनी आधी मूळ झाडाची चिठ्ठी पाहावी. बऱ्याच नव्या जाती हक्क नोंदवलेल्या असतात आणि परवान्याशिवाय त्यांची कलमे करून विकता येत नाहीत. चिठ्ठी हरवली असेल, तर जातीचे नाव खात्रीने कळेपर्यंत ती रोपे विक्रीला काढू नका.