कमरेला लावायचा चाकू: चार इंच, स्टेनलेस, साधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक करता, घडीच्या चाकूला कंटाळलात, आता कमरेला लावायचा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणारा चाकू हवाय. पातं कार्बन पोलादाचं घ्यावं की स्टेनलेसचं? आणि तो सात इंची, पाठीवर करवतीचे दात असलेला काळा 'सर्व्हायव्हल' चाकू कसा?

शेवटचं आधी सांगतो. तो घेऊ नका. डोंगरात चाकूचं काम काय असतं? कांदा-बटाटा चिरणं, दोरी कापणं, चूल पेटवायला सुक्या काटकीच्या ढलप्या काढणं. पाच-सहा मिलिमीटर जाड पात्याने बटाटा चिरला जात नाही, फुटतो. पाठीवरच्या दातांनी लाकूड धड कापत नाही, उलट जोर द्यायला पाठीवर अंगठा ठेवायची सोय जाते. मूठ पोकळ असेल तर पातं आणि मूठ जिथे जुळतात तीच जागा सगळ्यात कच्ची.

माझा आवडता चाकू अगदीच बिनरुबाबाचा आहे: 'मोरा' कंपनीचा 'कम्पॅनियन', स्टेनलेस. स्वीडनमधल्या मोरा गावाजवळ १८९१ पासून चाकू बनतात, तिथला. पातं १०४ मिलिमीटर, म्हणजे चार इंचांच्या किंचित वर, जाडी २.५ मिलिमीटर. मूठ रबरासारखी, ओल्या हातातही फिरत नाही. पातं मुठीच्या टोकापर्यंत जात नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. पात्यावर दांडका मारून ओंडके फोडायचे असतील तर त्यांचं बरोबर आहे. मग त्याच कंपनीचा गार्बर्ग बघा, ३.२ मिलिमीटर जाड आणि फुल टँग, म्हणजे पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. पण किंमत बरीच चढते, आणि ओंडके फोडायची वेळ आपल्यावर येते कुठे?

आता कार्बन की स्टेनलेस. कार्बनला धार पटकन लागते, हे खरंच सुख आहे. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते. पातं न पुसता एक रात्र म्यानात राहिलं की सकाळी तांबूस ठिपके. लिंबू, चिंच, कोकम लागलं की काळं पडतं (ते काळेपण निरुपद्रवी असतं, गंज वेगळा). कोरड्या ऋतूत फिरणाऱ्याने, रोज पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवणाऱ्याने कार्बन खुशाल घ्यावा. पावसाळी भटक्याने स्टेनलेसच.

पोलादावर लोक जेवढा वाद घालतात त्याच्या निम्मं लक्ष म्यानाकडे दिलं तर बरं. चामड्याचं म्यान दिसतं देखणं, पण भिजलं की वाळत नाही, बुरशी धरतं आणि आतलं पातं गंजवतं. प्लास्टिकचं घ्या, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं. म्यान उलटं धरून जोरात हलवा. चाकू निसटला तर दुकानातच ठेवा. दुसरी अडचण दुकानात कळत नाही: सॅकचा कमरपट्टा नेमका म्यानाच्या जागी येतो. मूठ बरगडीला टोचते आणि कातळटप्प्यावर बसत उतरताना म्यान खडकाला अडकतं. म्हणून चालताना माझा चाकू सॅकच्या वरच्या कप्प्यात असतो, मुक्कामी पोचल्यावर कमरेला. कोकणात आणि गोव्यात कोयता कमरेमागे लाकडी आकडीत अडकवतात, दोन्ही हात मोकळे राहतात. पण त्यांच्या पाठीवर साठ लिटरची सॅक नसते!

धारेसाठी हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) दगड पुरे. या चाकूच्या पात्याचा धारेकडे जाणारा उतार रुंद आणि सपाट आहे, तो पूर्ण दगडाला टेकवून घासायचा. कोन आपोआप साधतो.

आणि कायदा, कारण हे कुणी विचारत नाही. शस्त्र नियमांची हद्द नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदी आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. चार इंची चाकू त्यात बसत नाही. तरी शहरात पोलिसांचे मनाई आदेश असतात, त्यामुळे स्टेशनवर कमरेला लटकवून मिरवू नका. विमानात तो चेक-इन सामानातच. खरी मेख अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय तिथे शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव आहे. भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यंच. ओली फांदी तोडायचा तर तिथे प्रश्नच नाही. हरिश्चंद्रगडाला जाताना मी चाकू घरीच ठेवतो. पायथ्याच्या पाचनई गावात पिठलं-भाकरी सांगितली की कांदाही चिरून मिळतो.